डोळ्यांचा रकाना

स्पर्श मोठा करणारा हातमोजा चढवताच तांदळाएवढा भुंगेरा इंदुबाईंच्या बोटांखाली म्हशीएवढा झाला. जन्मांध इंदुबाई कीटक असेच चाचपून त्यांची वर्णनं सांगत. संध्याकाळपर्यंत ही नवी जात नोंदली नाही, तर ती जिथं सापडली ती गुहा बोगद्यासाठी बुजणार होती, पण माणसांपासून किड्यांपर्यंत सगळ्यांची नोंद ठेवणारं नोंदणीयंत्र अडून बसलं होतं : “डोळे नाहीत. नमुना सदोष.”

“बाई, गुहेत सापडलेले तिन्ही भुंगेरे तसेच बिनडोळ्यांचे आहेत हो!” वर्णन टिपणारी रेहाना रडकुंडीला आली.

“डोळ्यांपासून सुरुवात केलीस, तिथंच चुकलं. आधी मिशा लिही. अंगाच्या दुप्पट लांब, अंधारात वाट बिनचूक. डोळे शेवटी : गरज नाही.”

रेहानानं तसंच भरलं. यंत्र उत्तरलं : “नवी जात मान्य. गुहा राखीव.”

“आता यंत्राला माझं ओळखपत्र दाखव,” बाई हसून म्हणाल्या. “त्यावरही ‘सदोष’च लिहिलंय त्यानं.”