अंगणातला नांगर

नर्मदेवरच्या धरणाच्या फुगवट्यातून दूरच्या प्रवासाला निघालेल्या कळसाडीच्या हेमकांतनं उतरत्या उन्हात शिडाच्या जोडनावेचा नांगर पाण्यात सोडला. तेवढ्यात बांबूंनी जोडलेल्या दोन होड्या वल्हवत म्हातारा रेमसिंग अलगद शेजारी आला. “दादा, नांगर उचल,” कुणी झोपलेलं जागं होऊ नये अशा आवाजात तो म्हणाला. “खाली आमचं बुडालेलं घर आहे. तू चुलीवर टाकलास.” “चुकी गयं, बाबा,” म्हणत हेमकांतनं दोर ओढला. रेमसिंगनं समोरचा सुळका आणि टेकडीवरचा एकटा साग एका रेषेत धरून नाव सरकवायला लावली. “इथे टाक. हे अंगण. पाहुण्यांचे बैल इथेच बांधायचो. वारा फिरला तरी नाव जागची हलणार नाही.” नांगर खोल कुठेतरी टेकला. रेमसिंगनं तांब्या बुडवून काठोकाठ भरला आणि पुढे केला. “घे, घरचं पाणी.” हेमकांतनं आधी चपला काढल्या.