वाळक्या पोराची चरबी

सोनोग्राफीच्या पडद्यावर प्रीतमचं काळीज ढिल्या पिशवीसारखं धडधडत होतं. पवनीच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई ते बराच वेळ बघत राहिली.

"दोन महिन्यांत आणखी बिघडलंय. काळजात चरबी साचतेय, हे मागच्या खेपेला सांगितलं होतं ना आई?"

"सांगतलं अन् मी केलं नाई, असं होत नसते," सखाबाई म्हणाली. "तेलाची बरणी माह्या खाटेखाली हाये. दोन महिने याच्या भाजीत थेंब नाई पडला. मच्छी धरते हा, अन् खातेत दुसरे."

बाकावर सून बसली होती, रीना. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत होती.

"आणि दारू?"

"दारू नाई पेत माहा पोरगा. मोहाची घेते, घरची. पान्यात जाळं टाकाच्या आंधी मीच देतो हातानं. थंड्या पान्यात गारठून मरावं काय त्यानं?"

"किती?"

"एक गिलास. चरबीचं तुमी सांगतलं तवापासून दोन केले."

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवला. "दोन?"

"चरबीवर दुसरं काय चालते? लग्नात बकऱ्याचं खाल्लं का मानसं वरून घेतेतच थोडी. कापते ते चरबीले. साऱ्या मोहल्ल्याले मालूम हाये, तुमालेच कसं नाई?"

मग डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाली, "आई, काळीज म्हणजे चूल समजा. चरबी हे तिचं सरपण. ते जळतं म्हणून काळीज चालतं. दारू पोटात गेली की हे सरपण जळत नाही, तसंच पडून राहतं. तेल थोडं द्या त्याला. दारूचा थेंब नको. नाहीतर हा पोरगा पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहणार नाही."

सखाबाईनं प्रीतमकडे पाहिलं. गळ्याची हाडं वर आलेली. सदऱ्याची बटणं लावतानाच त्याला दम लागला होता.

"याच्या आंगावर चिमटीत धराले मास नाई, अन् चरबी काळजात?" ती म्हणाली. "अन् आमची पयल्या धारेची हाये, बाई. आगीत टाकली का भडकते. जे सोता जळते, ते दुसऱ्याले काहून जळू देत नाई?"

बाहेर नर्सनं पुढचं नाव पुकारलं.

ऑटोत प्रीतमनं विचारलं, "आई, मंग उद्या सकाळी?" सखाबाईनं ऐकलं नाही. रीना म्हणाली, "मी तवाच म्हणत होतो..."

"तू गप राय."

घरी आल्या आल्या सखाबाईनं कोठीतून बाटली काढली. उद्याची होती. सांजेची चूल अजून पेटायची होती, तळाशी दुपारचे निखारे होते. सखाबाईनं बाभळीचं एक वाळलं लाकूड त्यांवर ठेवलं आणि गिलासभर मोहाची त्यावर ओतली.

भप्प करून निळा जाळ उठला. रीना मागं सरकली.

"पाह्य," सखाबाई म्हणाली. "जळते का नाई?"

जाळ लाकडावरून नाचत गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग दारू संपली तसा बसला.

सखाबाईनं लाकूड बाहेर ओढलं. चटका बसेल म्हणून पदर धरला होता, तो सोडला. सालीवरून अंगठा फिरवला. साल काळीसुद्धा झाली नव्हती.

आतल्या खोलीत प्रीतम उठून बसला होता. निजलं की त्याला श्वास पुरत नसे.

"आई," रीनानं विचारलं, "चूल पेटवू?"

"थांब जराशी."

लाकूड तिनं उलटून पाहिलं. मग पुन्हा उलटलं.