आधी मेंदू, मग माणूस

"नाव झाकलंस ना?" सरांनी दारातूनच विचारलं.

"झाकलंय, सर," छोटी मॅडम म्हणाली. उजेडाच्या पेटीवर लावलेल्या मेंदूच्या फिल्मच्या कोपऱ्यावर तिने कागदाची पट्टी चिकटवली होती.

सरांचा हा जुना नियम. नाव दिसलं की मन वळतं, म्हणून आधी मेंदू बघायचा, मग माणूस. विभागातले सगळे डॉक्टर याच शिस्तीत तयार झालेले. छोटी मॅडम त्यातली सगळ्यात नवी.

सर आज खुशीत होते. बोलण्याच्या केंद्राजवळची गाठ भूल देऊन झटपट काढायची त्यांची पद्धत जगभर वापरली जात होती. त्यावरच्या त्यांच्या शोधनिबंधाचा दाखला इतर डॉक्टरांनी किती वेळा दिला, तो आकडा ते रोज सकाळी चहाबरोबर बघत. आकड्यांनी पोट भरत नाही म्हणतात, पण सरांचं भरत असे. परवा त्याने पाच हजारांचा पल्ला ओलांडला आणि आज संध्याकाळी सत्कार ठरला. नवा कोट दुपारपासूनच अंगावर होता.

मग त्यांची नजर पेशंटच्या खुर्चीकडे गेली. तिथे त्यांची बायको बसली होती.

"अगं, तू? इथे कशी?"

"आधी बघा तरी," ती म्हणाली. पर्स मांडीवर घट्ट धरून ती भिंतीकडे बघत होती.

सरांनी फिल्म पाहिली. डाव्या बाजूला, बोलण्याच्या केंद्राला खेटून, लिंबाएवढी गाठ.

"वय बावन्न," छोटी मॅडम सांगू लागली. "शाळेत शिकवतात. ऑपरेशन उद्या सकाळी. मीच करणार आहे. तुमच्या पद्धतीने."

बायकोही बावन्नची. जन्मभर शाळेत इतिहास शिकवत आलेली, एका हाकेत वर्ग शांत करणारी. गेले काही दिवस ती घरात गप्प गप्प होती आणि सरांनी साधं 'काय झालं' म्हणून विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"माझी पद्धत नको," ते म्हणाले. "जुन्या पद्धतीने कर. पेशंटला जागं ठेवून, बोलतं ठेवून. वेळ लागला तर लागू दे."

"का, सर? तुमची सुरक्षित आहे. तुम्हीच लिहिलंय."

"मी सांगतोय ना!"

"माझ्या दोन पेशंटची वाचा गेली, तेव्हा पद्धतीतच काही चूक आहे का, असं मी विचारलं होतं." छोटी मॅडम म्हणाली. "सगळ्यांसमोर म्हणालात, नाचता येईना अंगण वाकडं."

शेजारच्या सभागृहात सत्कारासाठी कोणीतरी माइक तपासत होतं. हॅलो, हॅलो, येतोय का आवाज?

"सांगा ना, अहो," बायको म्हणाली. "जगाला चालते ती पद्धत इथे का नको?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. ती उद्यानंतर एक शब्दही बोलू शकली नाही तर? ते स्टुलावर बसले.

"सात जण होते," ते हळूच म्हणाले. "ऑपरेशननंतर त्यांना बोलता येईना. मी त्यांना निबंधात मोजलंच नाही. तुझे हात चांगले आहेत, पोरी. अंगणच वाकडं आहे."

छोटी मॅडमने डोळे पुसले. मग वॉर्डला फोन लावून सांगितलं, "उद्याचं ऑपरेशन पेशंटला जागं ठेवून करायचंय. हो, सरांनीच सांगितलंय."

सरांनी बायकोचा हात हातात घेतला. कोट चुरगळत होता, त्याचं भान त्यांना नव्हतं.

"सत्कार गेला खड्ड्यात," ते म्हणाले. "खरं काय ते मी सगळ्यांना लिहून कळवतो. पण तुला काही होऊ देणार नाही."

बायकोने हात सोडवून घेतला. उठून ती फिल्मपाशी गेली आणि कोपऱ्यातली पट्टी तिने नखाने सोलून काढली.

"मी ठणठणीत आहे," ती म्हणाली. "ही फिल्म आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंची. बाहेर बाकावर बसल्यात. मेंदू बघून झाला असेल, तर आता नाव वाचा."