दारातला प्रश्न

शनिवारची शाळा सुटायला पाच मिनिटं होती आणि चौथी ‘अ’च्या दारात रांग लागली होती. अनुजाबाई दार अडवून उभ्या होत्या. एका हातात मीटरपट्टी, दुसऱ्या हातात हिरव्या टिकल्यांचं पाकीट. तास संपला की दारात प्रत्येकाला प्रश्न एकच. उत्तर बरोबर आलं तर मनगटावर टिकली आणि मग घर. चुकलं तर परत रांगेच्या शेवटी, आणि शेवटपर्यंत जमलंच नाही तर टिकलीशिवाय घर. कोणाच्या डोक्यात काय शिरलं, ते बाईंना उरलेल्या टिकल्यांवरून कळायचं.

आजचा प्रश्न होता, चार मीटर उंचीचं काहीतरी सांगा.

राजसने ‘माझी आजी’ सांगितलं आणि तो मागे गेला. बाकीच्यांनी नारळाचं झाड, दिव्याचा खांब असं काहीबाही सांगून टिकल्या मिळवल्या. दुसऱ्या खेपेला राजसही सुटला. शेवटी मनवा उरली.

मापांचा धडा सुरू होऊन नऊ दिवस झाले होते आणि मनवाच्या मनगटावर एकदाही टिकली बसली नव्हती. आकडे तिचे चुकत नसत. आकड्यापुढचं माप ती खाऊन टाकायची. त्यात तिचा एकटीचा दोष नव्हता. तिचे वडील दत्ताराम शाळेमागच्या गल्लीतल्या कारखान्यात गणपती घडवायचे आणि तिथे ‘फूट’ म्हणायची रीतच नव्हती. अकराचा बाप्पा, अठराचा बाप्पा. ऐकणाऱ्याला कळतं, मग जीभ कशाला झिजवा? मनवा दारातही तसंच ‘सात’ म्हणून मोकळी व्हायची. बाई विचारायच्या, “सात काय? सात केळी?” आणि रांग हसायची.

आज तिला टिकली हवीच होती, आणि तीही लवकर. बारा वर्षं दुसऱ्यांच्या मूर्तींना हात लावल्यावर दत्तारामने यंदा पहिली मूर्ती एकट्याने घडवली होती. साडेबाराला ती मंडपाकडे निघणार होती.

“आपल्या गल्लीच्या तोंडावरची लोखंडी कमान,” मनवा घाईघाईने म्हणाली. “मोठे ट्रक घुसू नयेत म्हणून परवा बसवली ती. चार.”

“चार काय?”

मनवाने डोळे मिटून कमानीवरचा बोर्ड आठवला. “मीटर. बोर्डावर लिहिलंय, बाई. चार मीटर.”

बाईंना तिच्यापेक्षा जास्त आनंद झाला. त्यांनी पाकिटातून टिकली सोडवली. मनवाने मनगट पुढे केलं आणि तसंच मागे घेतलं. ती मीटरपट्टीकडे बघत होती. आज तासाला सगळ्यांनी त्या पट्टीला आपापल्या फूटपट्ट्या लावून बघितल्या होत्या. एका मीटरला तीन फूटपट्ट्या, वर तीन इंच आणि चिमूटभर. मनवा बोटं मोजायला लागली. तीन फूट चार वेळा, बारा फूट. तीन इंच चार वेळा, बारा इंच, म्हणजे आणखी एक फूट. झाले तेरा. वर चार चिमटी.

“बाई, पप्पा म्हणाले, चार मीटर म्हणजे चौदा धरायचे.”

“चौदा कुठले? तेरा फुटांच्या जरासं वर.”

“पण बाप्पा ट्रॉलीसकट साडेतेराचा आहे.”

खालून ढोलाचा पहिला ठोका आला.

मनवा जिन्यावरून सुसाट सुटली. जिना चालत उतरा म्हणून रोज घसा फोडणाऱ्या अनुजाबाई तिच्यामागे दोन-दोन पायऱ्या टाकत धावल्या. मीटरपट्टी हातातच राहिली.

ट्रॉली कमानीपासून दहा पावलांवर आली होती. दत्ताराम वर मूर्तीच्या खांद्याला धरून उभा होता. मनवा सरळ ट्रॉलीपुढे गेली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली.

“पप्पा, थांबा. बाप्पा अडकणार.”

“काय गो, बाजूक हो. चौदाची आहे कमान.”

“तेराची आहे, पप्पा.”

“दत्तारामभाऊ, ती बरोबर सांगतेय,” धापा टाकत बाई म्हणाल्या आणि त्यांनी मीटरपट्टी उंच धरली. ढोल थांबले.

दत्तारामने वाकून कमानीकडे नजर लावली. मग मुकुटामागच्या प्रभावळीकडे बघितलं. आठ दिवस जागून त्याने तिचं टोक कोरलं होतं. त्याचा चेहरा उतरला, पण त्याने करवत मागितली आणि कानावरची पेन्सिल काढली.

“किती उतरवू?”

“सहा,” मनवा खालून ओरडली.

पेन्सिल टेकता टेकता थांबली. कारखान्यात मूर्ती फुटांची असली तरी करवत कधी इंचात चाले, कधी सुतात. आठ सुतांचा एक इंच. सहा सूत कापले तर मूर्ती कमानीवर आपटणार होती.

“सहा काय?” दत्तारामने विचारलं.

सगळी गल्ली मनवाकडे बघायला लागली. उत्तर बाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते आतच धरून ठेवलं.

“इंच,” मनवा म्हणाली. “सहा इंच, पप्पा.”

करवत चालली. टोक खाली आलं, ते मनवाने दोन्ही हातांत झेललं. मग पोरांनी ट्रॉली इंचाइंचाने पुढे ढकलली. कमानीखालून जाताना बाप्पाच्या वर दोन बोटांची फट राहिली आणि दत्ताराम त्या फटीत खरंच दोन बोटं घालून बसला होता. मूर्ती पार झाली तसे ढोल असे कडाडले की शाळेच्या खिडक्या थरथरल्या.

मनवाने बाईंपुढे मनगट धरलं. बाईंनी आपले हात बघितले, पर्स चाचपायला गेल्या, पर्सही नव्हती. पाकीट वर्गाच्या दारातच पडलं होतं. त्यांनी स्वतःच्या कपाळावरची लाल टिकली काढली आणि मनवाच्या मनगटावर दाबून बसवली.