दुसरा रंग

"फौज आली!" सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढता प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले, आणि पाठीमागे उभ्या असलेल्या सहाही जणांना ती न बघताच दिसली.

स्लाइड एका सुताराच्या कर्करोगाच्या गाठीची होती. नव्या औषधाचा पहिला डोस दिल्यावर तीन आठवड्यांनी काढलेला तुकडा. औषध प्रमुखांनी शोधलेलं. त्याचं काम एवढंच, की शरीरात जन्मापासून पहाऱ्यावर असलेल्या भक्षक पेशींना हाका मारून गाठीपाशी गोळा करायचं. पुढचं खायचं काम पेशींनी आपापल्या अकलेने करायचं होतं. सुतार बाहेर बाकावर बाही वर करून बसला होता. पेशींचा आकडा वाढलेला निघाला, तर अकरा वाजता त्याला दुसरा डोस मिळणार होता.

पेशी तिघांनी मोजायच्या आणि एकाचा आकडा दुसऱ्याला कळता कामा नये, असा नियम होता. प्रमुखांनी तो स्वतः लिहून, चौकट करून भिंतीवर लावला होता. त्या चौकटीखालीच उभे राहून ते मोठ्याने म्हणाले, "चारशे बारा."

मग पहिला सहायक पुढे झाला. त्याला सगळे होयबा म्हणत, आणि त्याला ते कौतुक वाटे. त्याने चष्मा कपाळावर चढवला, डोळे मिटून सूक्ष्मदर्शकाला लावले आणि कागदावर चारशे नऊ लिहिलं. थोडं कमी लिहायचं, ही इथली रीत होती. तंतोतंत जुळलं की लोकांना संशय येतो. दुसऱ्या सहायकाने तीन वाढवून चारशे पंधरा लिहिलं. सरासरी काढली, ती चारशे बाराच आली. प्रमुखांना आश्चर्य वाटलं. ते दर वेळी वाटे.

आता स्लाइड करणाऱ्या बाईंची सही तेवढी राहिली होती. बावीस वर्षं त्या मेणात थिजवलेले तुकडे केसाहून पातळ कापत आल्या होत्या. स्लाइड नीट रंगली आहे, एवढ्यापुरतीच त्यांची सही लागे. त्यांनी पेन उचललं नाही. एप्रनच्या खिशातून दुसरी स्लाइड काढली आणि पहिलीच्या जागी सरकवली.

"त्याच तुकड्याचा पुढचा काप आहे. याला दोन रंग दिलेत. तपकिरी म्हणजे पेशी हजर. लाल म्हणजे हजर, पण फितूर."

"फितूर?"

"गाठीच्या चाकरीला लागलेली. गाठ खायची सोडून तिलाच भरवते, तिच्यासाठी नव्या रक्तवाहिन्या काढून देते. मोजून बघा, दर दहांत नऊ लाल आहेत."

प्रमुखांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मागचे सहा जण त्यांच्या मानेकडे बघत राहिले, ती कोणत्या बाजूला हलते ते.

"औषधाआधी एकोणचाळीसच होत्या," बाई म्हणाल्या. "पण त्यातल्या लाल चार. बाकीच्यांनी गाठ खायला घेतली होती. भोवती मेलेल्या पेशींचा खच होता नुसता."

"बाई, आपण किती आल्या ते मोजतो. कशाला आल्या, ते मोजायचं ठरलं नव्हतं."

"लाल उठून दिसतो पण, सर," होयबा म्हणाला. "जर्नलच्या मुखपृष्ठावर छान येईल."

"स्लाइड तुम्ही फार सुंदर करता," प्रमुख बाईंना म्हणाले. "तेवढं करत राहा."

एक जण हसला. आता हसायचं असतं हे कळल्यावर बाकीचेही हसले.

बाईंनी सहीच्या जागी 'दहांत नऊ फितूर' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि कागद टेबलावर ठेवला. प्रमुखांनी तो बोटाच्या टोकाने बाजूला सारला. नवा कोरा कागद आणायला तिघे एकदम धावले, दारात अडकले.

त्यांच्यातून वाट काढत बाई बाहेर आल्या. बाकावर सुतार होता, शेजारी मांडीवर फाइल घेऊन त्याची धाकटी बहीण.

"काय बाई, आली म्हणे फौज? इथपर्यंत ऐकू आलं."

"आली. आली ती गाठीला सामील झाली. फितूर झालेल्या पेशी लाल दिसतात. दहांतल्या नऊ लाल आहेत. डोस घेतलात तर आणखी येतील."

"साहेबांना सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"स्लाइड सुंदर आहे म्हणाले." बाईंनी बहिणीच्या हातातली फाइल घेऊन संमतिपत्राचं तिसरं पान उघडलं. "नको म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. इथे लिहिलंय. बारीक अक्षरात."

"दादा, एवढे मोठे डॉक्टर आहेत," बहीण हळूच म्हणाली. "उगाच नाही म्हणून त्यांना दुखवायचं?"

सुताराने बाकाच्या फळीवर बोटाने टकटक केलं.

"कपाटातून आवाज आला म्हणजे आत काम चाललंय, हे खरं," मग तो म्हणाला. "पण सुताराचं की वाळवीचं, ते उघडून बघावं लागतं. या बाईंनी बघितलंय." त्याने बाही खाली ओढली आणि मनगटावरचं बटण लावलं.

अकराला दार उघडलं. आधी दार धरणारा आला, मग प्रमुख, मग इंजेक्शनचा ट्रे घेतलेला, फाइल घेतलेला, प्रमुखांचा फोन घेतलेला, आणि काहीच न घेता नुसते घाईत असलेले दोघे. प्रमुख थांबले तसे सगळे थांबले, आणि त्यांच्याभोवती आणखी जवळ सरकले.

सुताराने फळ्या मोजाव्यात तशी बोट हलवून माणसं मोजली.

"बाई," तो म्हणाला, "साहेबांच्या भोवती सहा आहेत. यातले लाल किती?"