नुसता सूर

“ताई, ते विहिरीचं कडवं तेवढं काढा,” विंगेत येऊन बाळासो म्हणाला. तो आयोजकांपैकी होता. “साहेब पहिल्याच रांगेत बसल्यात. पाणीयोजना त्यांचीच हाय. बाकी गाणं एक नंबर. उगं दोन ओळींपायी सगळं नका घालवू.”

एवढं बोलून तो माईक बघायला गेला.

ऋतुजाने ते कडवं मनातल्या मनात म्हणून पाहिलं. कडवं खरंच दोन ओळींचं होतं :

टँकर कागदावर, विहीर कोरडी ठाक
फुलाबाई उतरली, वर आली न्हाय हाक

फुलाबाई तिची आई. ती गेल्यापासून घरात तिचं नाव कोणी घेत नव्हतं. वडिलांसमोर, आबांसमोर, तर नाहीच. म्हणून ऋतुजाने हे कडवं घरी कधी म्हटलं नव्हतं. ते तिने इथे सोलापुरात, वाचनालयाच्या मागच्या खोलीत, तिथल्या गंगाधर सरांसमोर बसवलं होतं. आज आबा मागे ढोल वाजवत असताना, भरल्या सभागृहात, ते नाव पहिल्यांदा ऐकू येणार होतं.

“काढू नकोस,” गंगाधर सर म्हणाले. मग स्वतःच्याच आवाजाला दचकल्यासारखे इकडेतिकडे बघू लागले. “म्हणजे शब्द काढ. जागा काढू नकोस.”

त्यांनी फोन काढला. इअरफोनचं एक टोक तिच्या कानात दिलं, दुसरं स्वतःच्या.

“पन्नासेक वर्षांपूर्वीची तबकडी आहे. दक्षिण अमेरिकेतल्या एका देशात तेव्हा लष्कराचं राज्य होतं. गाण्यातले शब्द आधी सरकारला दाखवावे लागायचे. या गायकाचे शब्द काट मारून परत आले. त्याने तबकडी तरीही काढली. शब्दांच्या जागी नुसता आवाज लावला. आज तिकडे ती घराघरात आहे.”

कानात एक माणूस शब्दांवाचून गात होता. उंच, लांबवर जाणारा आवाज.

“सर, आमचे आबा मेंढरं वळवत्यात तसंच वाटतंय की,” ऋतुजा म्हणाली. सर हसले. तीही जराशी हसली. मग तिने विचारलं, “लोकांना कळलं का पन? काय म्हणायचंय ते?”

“कळलं.”

हे त्यांनी तबकडीच्या पाकिटावर वाचलं होतं. त्या देशातला एकही माणूस त्यांना कधी भेटला नव्हता.

“आबांना आदी सांगू?”

“सांगायचं तर कडवं म्हणून दाखवावं लागेल.”

ऋतुजाने पलीकडे पाहिलं. आबा, म्हणजे धुळाप्पा, मांडी घालून ढोलाच्या दोऱ्या आवळत होता. नवा पिवळा फेटा त्याने दोनदा सोडून पुन्हा बांधला होता.

“नको मग,” ती म्हणाली.

नाव पुकारलं गेलं. ती गायला उभी राहिली तशी मागच्या रांगांतली कुजबुज थांबली. गाण्यात माळ आला, मेंढरं आली, वैशाखातलं ऊन आलं. धुळाप्पाचा ढोल तिच्या पाठोपाठ चालत होता. मग ती जागा आली. ऋतुजाने डोळे मिटले आणि सूर लावला. शब्द नाहीत, नुसता सूर. आई विहिरीत उतरली तेवढ्या खोल जावा असा.

विंगेतून गंगाधर सरांनी सभागृहाकडे पाहिलं. कळेल, असं त्यांना क्षणभर वाटलं.

ढोल थबकला. धुळाप्पाने मान वर केली, लेकीच्या पाठीकडे पाहिलं. मग तो ढोल घेऊन उठला, दोन पावलं पुढे आला, आणि त्याने खणखणीत आवाजात शब्द टाकले :

सायबाच्या पायानं गंगा दारी आली
आमच्या मानदेशाची तहान भागून ग्येली

धनगरी ओवीत पुढचा गाणारा अडला की तो सूर धरून ठेवतो, आणि मागचा त्याला शब्द देतो. काही सुचलं नाही तर समोर बसलेल्या पाहुण्याचं कौतुक गातो. लाज राखायची ही जुनी रीत. गंगाधर सरांनी तीही वाचलेली होती.

सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. साहेब उठून उभे राहिले, तशी पहिली रांगही उठली. बाळासोने विंगेतूनच अंगठा उंचावला. ऋतुजाने डोळे उघडले. पुढचं कडवं तिने म्हटलं, त्याच्या पुढचंही म्हटलं. कुठे चुकली नाही.

त्या दूरच्या देशातही त्या मोकळ्या जागेत कोणी काही भरलं असेल का? गंगाधर सरांनी हे कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. पाकिटावर तसं काही लिहिलेलं नव्हतं.

गाणं संपलं. धुळाप्पा घामाने निथळत विंगेत आला. फुलाबाई गेल्यापासून त्याचा चेहरा असा उजळलेला कोणी पाहिला नव्हता.

“बगितलं का गुर्जी, सायेब उटून हुबं ऱ्हायलं!” तो म्हणाला. गंगाधर सर पुढे झाले. धुळाप्पा तोवर लेकीकडे वळला होता. त्याने फेट्याच्या टोकाने तिचं कपाळ पुसलं.

“इसरलीस व्हय गं? आसू दे. मोठमोठे गडी इसरत्यात. मी हाय की मागं.”

ऋतुजाने एकदा सरांकडे पाहिलं. सरांनी नजर खाली घातली.

“व्हय, आबा,” ती म्हणाली. “इसरले.”