रबीह उस्ताद

ऑनलाइन बंदुकीच्या खेळात अख्ख्या बैरूतमध्ये आपल्यासारखा नेम कुणाचा नाही, हे रबीह स्वतःच सगळ्यांना सांगायचा. त्या दिवशीचा सामना जिंकणारा संघ अंतिम फेरीसाठी दुबईला जाणार होता. रबीहच्या संघातले पाचही जण आपापल्या घरून खेळत होते आणि हेडफोनमधून त्याची टकळी अखंड चालू होती.

"नायला, हात आहेत की लाटणी? समीह, डोळे उघड, गाढवा! मी नसतो ना, तर दोन मिनिटं टिकला नसता तुम्ही!"

शेवटचा डाव सुरू होताच त्याच्या गल्लीतली वीज गेली आणि तो खेळातून बाहेर फेकला गेला. पाचांविरुद्ध चौघंच उरले.

अर्ध्या तासाने जनरेटर सुरू झाल्यावर त्याने नायलाला फोन लावला. "किती वाईट हरलात?"

"जिंकलो."

तो हसला. "आली ना माझीच शिकवण कामाला? पण भिंतीआड लपलेले ते पाच जण तुम्हाला सापडले कसे?"

"सोपं होतं, उस्ताद. तू गेलास आणि आम्हाला पहिल्यांदाच त्यांच्या पावलांचा आवाज ऐकू आला."